डाव्या बाजूचा पिवळा दोरा

शॉमबर्ग,
ऑक्टोबर अखेर

प्रिय सुचू,

पत्र बघून दचकू नकोस. इकडे सगळं ठीक आहे असं सुरुवातीला लिहायची पद्धत असते, म्हणून तसं लिहितो. मी फोनवर बोलणाऱ्यातला नाही हे तुला लहानपणापासून माहीत आहे, आणि गेले कितीतरी रविवार तर मी तुझा फोन उचललेलाही नाही. वायफाय बंद होतं असा मेसेज तुला केला होता. वायफाय चालू होतं. फोन समोर वाजत होता आणि मी डायनिंग टेबलापाशी बसून त्याच्याकडे बघत होतो. त्याचं कारण तुला सांगायला हवं आणि ते फोनवर मला जमणार नाही. अक्षर बारीक आलं आहे, चष्मा लावून वाच.

थंडी सुरू झाली आहे. मागच्या मेपलची पानं यंदा मी गोळा केली नाहीत, तशीच पडली आहेत. शेजारच्या पोराने न विचारता पुढच्या लॉनवरची काढली. जेवणाची काळजी करू नकोस, मी करून खातो. परवा फोडणी करपली ते मला स्मोक अलार्म वाजल्यावर कळलं, नाकाला काही पत्ताच नाही. देवयानी असती तर म्हणाली असती, 'इंजिनिअरसाहेब, सेन्सर घरभर लावलेत, स्वतःला एक बसवून घ्या.' मंडळाच्या गणपतीला गेलो होतो. आरती झाली आणि जेवणाची रांग लागायच्या आत निघून आलो. सगळे चांगले आहेत, पण प्रत्येक जण 'कसं चाललंय काका' असं मान तिरकी करून विचारतो. तिला जाऊन दीड वर्ष झालं, आता सरळ मानेने विचारलं तरी चालेल.

तर ती गोधडी. तुम्ही दोघी तिला क्विल्ट म्हणायचात, माझ्या तोंडी गोधडीच येतं. मॉरिसव्हिलला अथर्वकडे राहायला जायच्या आदल्या दिवशी तू ती लाकडी पट्ट्यांसकट गुंडाळलीस, वरून जुनी चादर बांधलीस आणि कपाटामागे उभी करून ठेवलीस. जाताना म्हणालीस, 'दादा, ती तशीच राहू दे, मी आले की बघू.' मला वाटलं, तिची आठवण म्हणून म्हणत असशील. मी ती हलवली नाही. वर्षभर ती तिथेच उभी होती. तू आली नाहीस. त्याबद्दल तक्रार नाही, अथर्वला दोन लहान मुलांत तुम्हा आजी-आजोबांची गरज आहे, प्रसन्नच्या गुडघ्याचं ऑपरेशनही झालं. मी नुसतं जे घडलं ते क्रमाने लिहितो आहे.

जूनमध्ये इलाचा फोन आला. घटस्फोटाचे कागद झाले, सिअ‍ॅटलमध्येच लहान अपार्टमेंट घेतलं एवढंच तिने सांगितलं. मग इंग्रजीत म्हणाली, 'बाबा, आई ती क्विल्ट करत होती माझ्यासाठी, ती झाली का पुरी?' मी म्हणालो, होत आली आहे. वास्तविक मला काहीच माहिती नव्हतं. ती गोधडी दोघांच्या पलंगाच्या मापाची आहे, आता इला त्यावर एकटीच झोपणार. पण तिने मागितली. आई गेल्यापासून माझ्या मुलीने माझ्याकडे काही मागितलं असेल तर हेच. म्हणून मी ती वळकटी खाली आडवी केली आणि तू मारलेल्या गाठी सोडवल्या.

त्या पट्ट्या मी गराजमध्ये तासल्या होत्या, तुला आठवत असेल. त्याआधी तुम्ही दोघी बेसमेंटच्या कार्पेटवर गोधडी पसरून गुडघ्यांवर रांगत टाचत होतात. अस्तर, त्यावर कापूस, त्यावर जोडलेल्या तुकड्यांचा थर, आणि हे तिन्ही सरकू नयेत म्हणून कच्चे टाके. दोन ओळी झाल्या की देवयानीला उठवायला मला हाक यायची. एका बाजूने तू, एका बाजूने मी, आणि ती मध्ये म्हणायची, 'क्रेन मागवा आता वन्सं, तुमच्या भावाच्याने होत नाही.' मग मी दोन लांब पट्ट्या केल्या, घासून गुळगुळीत केल्या. एकीवर अस्तर गुंडाळायचं, दुसरीवर वरचा थर, मध्ये कापूस, आणि सगळं डायनिंग टेबलावर. खुर्चीत पाठ टेकून बसायचं, समोरचं वीतभर टाचून झालं की ते आपल्या मांडीवर ओढून घ्यायचं, पट्ट्या एक-एक वेढा उलगडायच्या. वाकणं नाही, रांगणं नाही. पहिल्या दिवशी ती खुर्चीत बसली आणि म्हणाली, 'आता मी ऐंशीची होईपर्यंत गोधड्या करते.' मी केलेल्या वस्तूंपैकी तिला मनापासून आवडलेली ती एकच असावी.

आपल्या आईचं टाचणं आठवतं का तुला? मिरजेला, मधल्या खोलीत, शहाबादी फरशीवर. कोपऱ्यांवर वरवंटा, बत्ता, पाट, जे हाताला लागेल ते ठेवायची, आणि मध्ये तुला पालथी झोपवायची, कापड हलू नये म्हणून. तू कंटाळून चुळबुळ केलीस की म्हणायची, 'निपचित पड गं, तुला दुसरं काही काम नाही, तू फक्त वजन आहेस.' मी दारात उभा राहून तुला चिडवायचो. परवा बराच वेळ हे आठवत होतं.

तुम्ही टेबलाच्या खिडकीकडच्या बाजूला शेजारी शेजारी बसायचात, देवयानी डावीकडे, तू उजवीकडे. प्रत्येक ओळीला ती डाव्या कडेने निघायची आणि तू उजव्या कडेने, मध्यावर भेटून गाठ मारायची. तिचा दोरा पिवळा, तुझा निळा. 'कुणाचं काम कच्चं ते कळायला हवं' असं ती म्हणायची. मी फॅमिली रूममध्ये मॅच बघत असायचो, तुमचं बोलणं अर्धवट कानावर पडायचं. शनिवारी दुपारी तू यायचीस, चहा व्हायचा, मग टाचायला बसायचात आणि अंधार पडला की तू निघायचीस. एकदा तिने गोधडीबरोबर स्वतःचा गाऊनही टाचला. तू म्हणालीस, 'वहिनी, आता तुलाही गोधडीबरोबर वॉशरला टाकते, जेंटल सायकलवर.' तुम्ही दोघी इतक्या हसलात की मी टीव्हीचा आवाज वाढवला. अशा वेळी माणूस जेवढं हसेल त्याच्यापेक्षा ते हसणं जास्त होतं, असं आता वाटतं. त्या वेळी वाटलं नव्हतं.

सप्टेंबरात तुम्ही सुरुवात केली होती आणि फेब्रुवारी संपला तरी तुमचं चालूच होतं. मला टाचण्यातलं काही कळत नव्हतं, म्हणून त्यात विशेष वाटलं नाही. आता लायब्ररीतल्या क्विल्टिंग ग्रुपमधल्या बायका सांगतात की दोघी बसल्या तर पट्ट्यांवर हे काम एका वीकेंडचं आहे. एका वीकेंडचं काम तुम्ही सहा महिने पुरवलंत.

त्या ग्रुपमध्ये मी जातो हे वाचून हसशील. इलाला कबूल केल्यावर कुठेतरी शिकणं भाग होतं. दहा-बारा म्हाताऱ्या आणि मी. पॅट म्हणून एक जण प्रमुख आहे, तिने पहिल्या दिवशी मला सुईत दोरा ओवून दिला आणि 'हनी' म्हणाली. मी लाल दोरा घेतला, कारण पिवळा आणि निळा तुमचा होता. घरी रोज थोडं टाचायचो आणि गुरुवारी नेऊन दाखवायचो. कच्चा टाका बोटभर लांब असावा लागतो, नंतर तो काढूनच टाकायचा असतो. माझे टाके बारीक येत होते. पॅट म्हणाली, 'गुरू, यू आर सपोज्ड टु बेस्ट इट, नॉट मॅरी इट.' बेस्ट म्हणजे टाचणं; नुसतं टाचायचं आहे, लग्न नाही लावायचं. सगळ्या हसल्या, मीही हसलो. इंजिनिअर माणूस, मापाचा काटेकोरपणा, टॉलरन्स, सोडवत नाही असं मी त्यांना सांगितलं.

पण त्याआधीचं सांगायचं राहिलं. जिथे तुम्ही थांबला होतात तिथून पुढे सुरू करायचं, तर आधीचे टाके कसे घातलेत ते बघायला हवं होतं. म्हणून टाचून झालेला सगळा भाग मी टेबलावर पसरला, उरलेला खुर्च्यांवर टाकला आणि दिवा लावला. तुम्हाला दोघींना तो असा कधी दिसलाच नसेल, तुमच्यासाठी तो मांडीवरून खाली जात होता. मी चाळीस वर्षं आलेख वाचून पोट भरलं, सुचू. समोर जे होतं ते वाचायला मला मिनिटभरही लागलं नाही.

पहिल्या ओळींमध्ये पिवळा आणि निळा बरोबर मध्यावर भेटतात. टाके सारखे, ओळ सरळ. मग पिवळी ओळ खाली उतरायला लागते. आधी थोडी, मग उतारावर गाडी सुटावी तशी. मग एका ठिकाणी पिवळा दोरा त्याच त्या जागी पुन्हा पुन्हा गेला आहे, त्याचा गुंता झाला आहे. त्यानंतर निळा मध्य ओलांडतो. पुढच्या ओळीत आणखी डावीकडे येतो. त्याच्याखाली कापडात रिकामी भोकं आहेत, कुणीतरी पिवळे टाके काढून त्यांच्या जागी निळे घातलेत. शेवटच्या ओळींना पिवळा दोरा फक्त डाव्या कडेला आहे, हाताच्या पंजाएवढा, आणि मग सगळं निळं. अगदी शेवटच्या ओळीत पिवळा एकच टाका आहे. वेडावाकडा, पण सुटू नये म्हणून त्याच्यावरून निळ्या दोऱ्याने अलगद एक वेढा घेतलेला आहे.

मग बाकीच्या गोष्टी आपोआप त्या आलेखावर येऊन बसल्या. तिने चहा डाव्या हाताने ओतायला सुरुवात केली होती. मी विचारलं तेव्हा खांदा धरलाय म्हणाली. दिवाळीत चकल्या तू केल्यास आणि तिने नुसता सोऱ्या धरल्यासारखा केला. ऑक्टोबरात तुम्ही दोघी आउटलेट मॉलला म्हणून दिवसभर गेलात आणि एकही पिशवी न घेता परत आलात. मी विचारलं, तर तू म्हणालीस, 'दादा, बायका बघायला जातात, घ्यायला नाही.' मार्चमध्ये ती किराणा दुकानात कोसळली, हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी स्कॅन दाखवून मेंदूतल्या गाठीचं सांगितलं, तेव्हा तिने माझ्याकडे बघितलं आणि तू भिंतीकडे बघितलंस. महिन्याभरात ती गेली. तेव्हापासून मला वाटत होतं की हे आपल्यावर अचानक कोसळलं. ते फक्त माझ्यावर अचानक कोसळलं होतं.

त्या दिवसापासून मी तुझा फोन उचलला नाही. तू शनिवारी कधीच फोन करत नाहीस, हेही तेव्हाच ध्यानात आलं. मला तुला बरंच बोलायचं होतं. सख्ख्या भावाच्या घरात बसून, त्याच्या पाठीमागे दहा फुटांवर, तू हे कसं केलंस असं विचारायचं होतं. माझी बायको मरते आहे हे तुला माहीत होतं आणि मला स्कोअर विचारत होतीस. वाक्यं पाठ केली होती मी. नंतर एका न्यूरॉलॉजिस्टकडे जायचा योग आला तेव्हा तिला देवयानीच्या केसबद्दल विचारलं, ऑक्टोबरात कळलं असतं तर? तिने जुने रिपोर्ट कॉम्प्युटरवर उघडले, नीट बघितले आणि म्हणाली, ऑपरेशन, रेडिएशन, हॉस्पिटलच्या चकरा, आणि कदाचित दोन-तीन महिने जास्त. तेही असे की तुम्हाला नको झाले असते.

म्हणजे रागवायलाही काही उरलं नाही.

त्या सहा महिन्यांत मी तिच्याशी कसा वागलो ते आठवून बघितलं. आमटीत मीठ कमी म्हणून कुरकुर केली. पडद्यांच्या रंगावरून भांडलो, दोन दिवस बोललो नाही. ख्रिसमसच्या सुट्टीत फ्लोरिडाला जाऊ म्हणाली तर गर्दी असते म्हणून नाही म्हणालो आणि तीही हट्टाला पेटली नाही. धडधाकट बायकोशी नवरा जसा वागतो तसा मी वागलो. तिला तेच हवं असणार. आजारी माणसाकडे सगळे जसं बघतात तसं घरात एकाने तरी बघू नये, म्हणून तिने तुला गप्प बसवलं असणार. 'त्यांना सांगाल तर बघा वन्सं, चहा बंद,' असंच काहीतरी म्हणाली असेल. हे कळल्यामुळे मला बरं वाटलं असं मात्र समजू नकोस. बरं वाटलेलं नाही. फक्त तुझ्या वाट्याला काय आलं ते कळलं. मला निदान काही माहीत नव्हतं. तू दर शनिवारी सगळं माहीत असून गाडी चालवत यायचीस.

गोधडीचं आता थोडंच टाचणं उरलं आहे, शेवटचं हातभर. ते झालं की पक्की शिलाई करायची आणि मग कच्चे दोरे कापून ओढून काढायचे. पॅट म्हणते, सर्रकन निघतात, मजा येते. पिवळा ओढल्यावर काय राहील याचा विचार मी रोज करतो. भोकंसुद्धा एका धुण्यात बुजतात म्हणे. पण दोरे ठेवून इलाला गोधडी देता येत नाही. ती सायन्सची मुलगी आहे, तीही आलेख वाचेल.

आता ज्यासाठी पत्र लिहायला बसलो ते लिहितो. तुमच्या ओळी वाचल्या तशा, पुढे एक दिवस सवयीने मी माझ्या लाल ओळीही वाचल्या. प्रत्येक ओळ डाव्या कडेला बोटभर टाक्यांनी सुरू होते. मध्यापर्यंत टाका नखाएवढा होतो आणि उजव्या कडेला मुंगीच्या पायांएवढा. एक नाही, सगळ्या ओळी तशाच. तो टॉलरन्स नव्हता. हे पत्रही पुन्हा वरून बघ, प्रत्येक ओळीचं शेवटचं अक्षर बघ. न्यूरॉलॉजिस्टकडे मी स्वतःसाठी गेलो होतो. पार्किन्सन्स आहे. नाकाचंही त्यातलंच म्हणाली. गोळ्या सुरू केल्या आहेत, त्यांनी हात काही काळ हलता राहील, त्यातून बरं व्हायचं काही नसतं. इला थँक्सगिव्हिंगला आठ दिवस येते आहे. ती आत्ता कुठे उभी राहते आहे, तिला हे कळलं तर नोकरी सोडून इथे येऊन बसेल आणि माझ्याकडे मान तिरकी करून बघेल. ते मला नको आहे. तू ये. ताटं तू वाढ, चहा तू ओत, शर्टाची बटणं मी लावून घेईन. शनिवारी दुपारी आपण टाचायला बसू. या वेळी डावी बाजू माझी, आणि माझा लाल दोरा आखडायला लागला की तुझा निळा थोडा पुढे आण. इलाला काही सांगू नकोस. हे तुझ्याकडे दुसऱ्यांदा मागितलं जातं आहे हे मला माहीत आहे, पण तुझ्याशिवाय हे करू शकणारं आता कुणी राहिलेलं नाही.

तुझाच,
दादा